शिळा भात, क्रमांक चार

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ‘रानवाट’ या फोरमवर, ‘शिळा भात, क्रमांक चार’ या धाग्याच्या तळाशी एक नवा प्रतिसाद उमटला. ‘मी कात्रीची धाकटी बहीण. ती काल दुपारी लाओशिंग डोंगरावरून उतरायची होती, अजून उतरलेली नाही. ती कोणत्या वाटेने गेली हे कुणाला माहीत आहे का?’

प्रतिसाद कात्रीच्याच खात्यावरून आला होता. बहिणीचं स्वतःचं खातं नव्हतं. घरच्या संगणकावर कात्रीचं उघडं राहिलेलं होतं, त्यावरूनच तिने लिहिलं.

पाठोपाठ उत्तरं आली. ‘वरची.’ मग, ‘ओढ्याची. आणि हे मी आता शेवटचं सांगतोय.’ मग, ‘कात्रीबाईंना बहीण कधी झाली?’ एकाने नुसती हुर्यो उडवली. एकाने लिहिलं, ‘थांबा, सुरू करू नका, शेंगदाणे घेऊन येतो.’

ज्येन पेई-यूने हे वाचलं तेव्हा ती शिनचूमधल्या आपल्या चष्म्याच्या दुकानात एका म्हातारीच्या कानामागे काडी नीट बसवत होती. फोन काउंटरवर उताणा पडला होता. पेई-यू ‘रानवाट’च्या दोन ॲडमिनांपैकी एक. कात्रीला ती कधी भेटलेली नव्हती, पण चार वर्षं रोज वाचत होती. कात्री भांडायची, टोचून बोलायची, पण खोटं लिहायची नाही.

“सैल आहे अजून,” म्हातारी म्हणाली.

“हो मावशी,” पेई-यू म्हणाली आणि फोन उचलला. तिने कात्रीच्या खात्यावर खाजगी निरोप टाकला : ‘मी ॲडमिन. तुमचा नंबर द्या.’ नंबर लगेच आला.

बहिणीचं नाव फान रुओ-यिंग. आवाज रात्रभर न झोपलेल्या माणसाचा. मोठी बहीण रुओ-लान, म्हणजेच कात्री, शुक्रवारी पहाटे एकटी गेली. जाताना रुओ-यिंगला घरी थांबणारी नेमून गेली. डोंगरात जाणारा प्रत्येक जण असा एक माणूस मागे ठेवतो. वाट, मुक्काम, परतीची वेळ त्याच्यापाशी असते आणि वेळ टळली की पोलिसांना कळवणं हे त्याचं काम. रुओ-यिंगने शनिवारी संध्याकाळी कळवलं होतं. बचाव पथक पहाटे आत गेलं होतं.

“कोणत्या वाटेने गेलंय पथक?” पेई-यूने विचारलं.

“ओढ्याच्या. ताईने मला तीच सांगितली होती. पण गुरुवारी रात्री जेवताना म्हणाली, फोरमवर विचारलंय, बघू काय म्हणतात. म्हणून मी तिथे शोधायला गेले. मला काही सापडेना. नुसती भांडणं आहेत.”

“मी बघते,” पेई-यू म्हणाली. कुठे बघायचं हे तिला ठाऊक होतं, कारण गुरुवारी तो प्रश्न तिनेच हलवला होता.

‘रानवाट’वर तेच तेच वाद ऋतूंसारखे फिरून येत. एकट्याने जावं की जाऊ नये. झाडांना क्लबच्या फिती बांधाव्यात की नाहीत. नूडल्सचं उरलेलं पाणी डोंगरात कुठे ओतायचं. लाओशिंगला ओढ्याची वाट बरी की वरची. उतरणाऱ्यांनी चढणाऱ्यांना ‘आलंच आता’ असं खोटं सांगावं का. नवा माणूस यायचा, भाबडेपणाने विचारायचा, आणि जुनी मंडळी अस्तन्या सावरून उतरायची. शेवटी दोघा ॲडमिनांनी प्रत्येक वादाचा एकेक मोठा धागा केला, त्याला क्रमांक दिला आणि सगळ्यांना मिळून नाव दिलं : शिळा भात. पुन्हा परतायला आणलेला. नवा प्रश्न त्यातला निघाला की त्यावर क्रमांकाचा शिक्का मारायचा आणि मोठ्या धाग्यात ढकलून द्यायचा. सोबत ठरलेलं छोटं उत्तर आपोआप जायचं.

भात ओळखायचा कसा, यासाठी दुसरे ॲडमिन कांग मिंग-दे यांची एक कसोटी होती. प्रश्नाची पहिली ओळ वाचून दहावा प्रतिसाद काय येईल हे सांगता आलं, तर तो भात. ही कसोटी सहसा चुकत नसे. पेई-यूला तिचा अभिमान होता. दुकान चालवता चालवता ती दिवसभराचे धागे लावून टाकायची.

गुरुवारचा प्रश्न तिने शोधून काढला. ‘लाओशिंग, ओढा की वरची? या आठवड्यातल्या पावसानंतर कुणी जाऊन आलंय का?’ खाली नाव : कात्री. पेई-यूने पहिलं वाक्य वाचलं होतं, नाव वाचलं होतं, काडी टाकायला आली असं धरलं होतं आणि शिक्का मारला होता. चार. आपोआप गेलेलं उत्तर तिथेच होतं : ‘ओढ्याला पाणी असेल तर वरची वाट. अधिक चर्चा मुख्य धाग्यात.’

ती मुख्य धाग्यात मागे मागे गेली. दोन आठवड्यांपूर्वीचा एक ढकललेला प्रश्न सापडला. प्रश्न कसला, ती बातमीच होती. बांबूकोंब नावाच्या सदस्याने लिहिलं होतं, ‘भूकंपात वरची वाट कड्यापाशी तुटली आहे. मी डोळ्यांनी पाहिली.’ बांबूकोंब ओढ्याच्या बाजूचा कट्टर माणूस. दर पावसाळ्यात तो वरची वाट तुटल्याचं जाहीर करायचा. त्यावरही शिक्का होता. चार. मारणारे कांग.

“मावशी,” पेई-यू म्हणाली, “चष्मा उद्या न्या. पैसे देऊ नका.”

“फुकट? म्हणजे काचेत काहीतरी गडबड आहे,” म्हातारी म्हणाली.

पेई-यूने दुकानाच्या दारावरची पाटी उलटी केली आणि गाडी काढली. मियाओलीच्या रस्त्याला लागल्यावर तिने कांगना फोन लावला.

“बोल पोरी. ती कात्री पुन्हा सुरू झालीय बघ. पाच मिनिटांत धाग्याला कुलूप घालतो.”

“घालू नका दादा. तिच्या बहिणीशी बोलले मी. खरं आहे.”

पलीकडे कपबशीचा आवाज थांबला.

पेई-यूने सगळं सांगितलं. कांग ऐकत राहिले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी ताइचुंगच्या टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी केली होती. चुकीच्या कप्प्यात गेलेलं पत्र म्हणजे काय, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.

“आता तू काय करणार आहेस?” त्यांनी विचारलं.

“पथकाला सांगणार, वरच्या वाटेवर बघा.”

“कशावरून? तिने तुझं उत्तर वाचलं कशावरून? आणि वाचलं तरी ऐकलं कशावरून? चार वर्षांत त्या बाईने आपलं एक तरी ऐकलंय? तिने स्वतःच बहिणीला ओढा सांगितलाय. तू अर्धी माणसं वर पळवलीस आणि ती ओढ्यात पाय मोडून पडली असेल तर? दुपारी पाऊस आहे.”

“आणि वर असेल तर?”

“पथकाला त्यांचं काम कळतं, पेई-यू. आपण फोरम चालवतो.”

“दादा, ती भांडते म्हणजे वाचते. आपलं सगळ्यात लक्षपूर्वक कोण वाचत असेल तर ती.”

 कांग म्हणाले, “पोचलीस की फोन कर,” आणि ठेवला.

पायथ्याच्या वस्तीत पोलीस चौकीसमोर पत्र्याच्या शेडखाली पथकाचा तळ होता. एक घडीचं टेबल, नकाशा, वायरलेस, आल्याच्या चहाचं मोठं पातेलं. पथकाचा प्रमुख युकान, त्याच वस्तीतला, अतायाल या डोंगरी जमातीचा माणूस, पन्नाशीचा. नकाशाकडे तो क्वचितच बघत होता. शेडच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत रुओ-यिंग बसली होती. मांडीवर भाताचा गोळा, केळीच्या पानात तसाच बांधलेला.

पेई-यूने उभ्या उभ्या सांगितलं. युकानने मधे एकदाही तोडलं नाही.

“म्हणजे,” शेवटी तो म्हणाला, “बाईने विचारलं, वाट कशी आहे. तुम्ही सांगितलं, हा प्रश्न जुना आहे.”

“हो.”

“आणि ज्याने वाट तुटली म्हणून सांगितलं, त्यालाही म्हणालात, हे जुनं आहे.”

“हो.”

“डोंगर जुनाच असतो, ताई. पाऊस नवा असतो.” त्याने चहा ओतून तिच्यापुढे सरकवला. “माझ्याकडे आत आठ माणसं आहेत. सकाळी पहिल्या उतारापाशी, पाण्याच्या कडेला, त्यांना बुटाचा ठसा सापडलाय. बाईच्या मापाचा. वरची वाट फुटते ती त्याच्या अलीकडेच. ठसा सोडून तुमच्या इंटरनेटमागे कसा जाऊ?”

“ती पाणी बघायला उतरली असेल. बघून मागे फिरली असेल.”

“असेल. नसेलही.”

रुओ-यिंग उठून जवळ आली होती. “शिक्का म्हणजे काय?” तिने विचारलं. “तुम्ही माझ्या बहिणीच्या प्रश्नावर शिक्का मारलात म्हणजे नेमकं काय केलंत?”

पेई-यूने फोन पुढे केला. रुओ-यिंगने प्रश्न वाचला, खालचं उत्तर वाचलं.

“‘कुणी जाऊन आलंय का’ असं लिहिलंय तिने,” ती म्हणाली. “हे वाचलं नव्हतंत?”

“नाही. पहिलं वाक्य वाचलं.”

“का?”

“तिचं नाव बघितलं म्हणून.”

रुओ-यिंगने फोन परत दिला. टेबलावरचं पातेलं उगाच थोडं सरकवलं. “मला वाटायचं, तिथे तिची मित्रमंडळी आहेत,” ती म्हणाली. “रात्रीचं जेवण थंड व्हायचं आणि ही लिहीत बसायची. कोण आहेत गं हे, विचारलं तर म्हणायची, सगळे गाढव आहेत, पण डोंगर ओळखणारे गाढव आहेत.”

युकानने आकाशाकडे बघितलं. मग वायरलेस उचलून ओढ्यातल्या आठांपैकी दोघांना मागे फिरवलं आणि फाट्यावरून वरच्या वाटेला जायला सांगितलं. “दोघंच,” तो पेई-यूला म्हणाला. “जास्त मागू नका.”

दुपारपर्यंत ओढ्याकडून काही आलं नाही. दुसरा ठसा नाही, काही नाही. पाणी तपकिरी होतं आणि चढत होतं. ‘रानवाट’वर एव्हाना लोकांना कळलं होतं. शेंगदाणेवाल्याने आपला प्रतिसाद पुसला होता. ‘वरची’ लिहिणारा विचारत होता, आम्ही येऊ का, दोर आहेत, दोन गाड्या आहेत. बांबूकोंबने एकच ओळ लिहिली होती : ‘मी सांगितलं होतं.’ त्यावर कुणी हुर्यो उडवली नव्हती.

एकच्या सुमारास वरच्या दोघांपैकी एकाचा आवाज आला. आवाज तुटत होता. “फाट्यापासून बरंच वर आलोय. वाट कोरी आहे. एकही फीत नाही झाडांना. झुडपं वाढलीयत. इकडून कुणी आलेलं दिसत नाही. परत फिरू का? ओढ्यात माणसं कमी पडतायत.”

“थांब,” युकान म्हणाला. त्याने पेई-यूकडे बघितलं. तिला बोलायची संधी देत होता, पण फार वेळ नाही. “कुणी गेलेलं नाही म्हणतायत.”

“एकही फीत नाही?” पेई-यू म्हणाली.

“ऐकलंत ना.”

“असं होणार नाही. त्या वाटेवर फिती होत्या. खूप होत्या. आमच्याकडे दोन नंबर तोच आहे, फितींचा. त्यात फोटो आहेत.” ती फोनवर बोट फिरवू लागली, सापडेना, सोडून दिलं आणि कांगना फोन लावला. आवाज टेबलावर सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

“दादा, लाओशिंगच्या वरच्या वाटेवर फिती आहेत ना?”

“आहेत म्हणजे? मीच बांधल्यात. एप्रिलात. आमच्या क्लबच्या, लाल. फाट्यापासून थेट खिंडीपर्यंत, वळणावळणाला. त्यावरून तर कात्री मला महिनाभर सोलत होती. डोंगराच्या गळ्यात जाहिराती, म्हणे.”

“वर एकही नाही दादा. माणसं आत्ता तिथे उभी आहेत.”

कांगना समजायला क्षणभर लागला. पेई-यूला आधीच समजलं होतं.

“ती फीत दिसली की कापते,” ती युकानला म्हणाली. “सोडतच नाही. म्हणून तर तिचं नाव कात्री. चार वर्षं हेच भांडण चाललंय. आम्ही बांधायच्या, तिने कापून पिशवीत भरून खाली न्यायच्या आणि पिशवीचा फोटो टाकायचा.”

“घरी पोतं भरलंय,” रुओ-यिंग म्हणाली. “गॅलरीत. आई ओरडते, कपडे वाळत घालायला जागा नाही.”

“दुसऱ्याही कुणी कापल्या असतील,” युकान म्हणाला, पण वायरलेस त्याच्या तोंडाशी गेला होता. “ऐक. वळणावरच्या झाडांच्या साली बघा. फीत बांधलेली असेल तिथे फिकट पट्टा असेल. आणि खाली बघा, कापडाचे तुकडे.”

बराच वेळ नुसती खरखर. रुओ-यिंगने भाताच्या गोळ्याचा दोरा सोडला आणि परत बांधला.

“पट्टा आहे,” आवाज आला. “फिकट. वरून शेवाळ नाही. पुढच्या झाडालाही आहे. तुकडे नाहीत, साफ कापून नेलंय. आणि इथे चिखलात काठीचं भोक आहे, ताजं.”

युकानने एकदा मान हलवली. मग ओढ्यातल्या सहांना बाहेर बोलावलं. दोर घेऊन फाट्यावरून वर जायला सांगितलं. ते ओढ्यात खूप आत पोचले होते. त्यांना फाट्यापर्यंत यायलाच वेळ लागणार होता, हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना कळत होतं. सकाळीच ते वर गेले असते तर, असं कुणी म्हणालं नाही. पावसाचे पहिले थेंब पत्र्यावर वाजले.

कांग फोनवरच होते. त्यांनी फोन ठेवलाच नव्हता.

“प्रमुखांना दे,” ते म्हणाले. युकानने फोन घेतला. “नमस्कार. मी कांग. ज्याने फिती बांधल्या तो. ऐका, मला एकेक झाड आठवतं. कड्याच्या अलीकडे एक मोठा जुना देवदार आहे, वाटेवर झुकलेला. त्याला शेवटची. मग कडा आडवा कापून जाते वाट, तिथे झाड नाही, म्हणून फीत नाही. पलीकडे पोचल्यावर दोन बारकी झाडं जुळी उगवलीत, त्यांतल्या डावीकडच्याला पुढची. तिथून खिंडीपर्यंत आणखी.”

“म्हणजे कात्रीबाई तुमच्यामागून चालतायत,” युकान म्हणाला. “तुम्ही बांधलंत तिथे त्यांनी कापलं.”

“हो,” कांग म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “त्यांना म्हणावं, सगळ्या कापा. मी पुन्हा नाही बांधणार.”

“भेटल्या की तुम्हीच सांगा,” युकान म्हणाला आणि फोन पेई-यूला परत दिला.

तीनच्या पुढे वरच्या दोघांचा आवाज पुन्हा आला. ते कड्यापाशी पोचले होते. धुकं उतरलं होतं. बांबूकोंबने लिहिलं होतं ते खरं होतं. वाट तुटली होती. एखाद्या गावरस्त्याइतक्या रुंदीची माती आणि दगड खाली सरकले होते आणि पावसाने त्यावर ताजे ओघळ पडत होते.

“अलीकडे जुना देवदार आहे का? झुकलेला?” युकानने विचारलं.

“आहे.”

“फीत?”

“नाही. पट्टा आहे. कापलीय.”

रुओ-यिंग टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभी होती. पेई-यू तिच्याशेजारी होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

“पलीकडे दोन जुळी झाडं दिसतायत का? धुकं हटेपर्यंत थांब. घाई करू नकोस.”

ते थांबले. शेडखालीही सगळे थांबले. चौकीतला एक पोलीस बाहेर येऊन दारातच उभा राहिला. पेई-यूच्या फोनवर ‘रानवाट’चं पान उघडं होतं. कांगनी बांबूकोंबची जुनी बातमी आणि गुरुवारचा प्रश्न, दोन्ही भातातून बाहेर काढून सगळ्यांत वर लावले होते. क्रमांक काढून टाकला होता. जागा रिकामी ठेवली होती.

“दिसतायत,” वायरलेस म्हणाला. “एक मिनिट. हो, दिसतायत. जुळी.”

“डावीकडच्याला?”

“लाल. लाल फीत आहे. लोंबतेय. त्याच्या मागच्या झाडालाही आहे. पलीकडे सगळ्या आहेत.”

युकानने डोळे मिटले आणि उघडले. “हाका मारा,” तो म्हणाला. “खाली तोंड करून. आणि मग गप्प राहून ऐका.”

त्यांनी हाका मारल्या. वायरलेसचं बटण दाबून ठेवलं होतं, त्यामुळे शेडखालीही ऐकू आल्या : फान ताई, फान ताई. मग पावसाचा आवाज, आणि दूर खाली पाण्याचा. रुओ-यिंग वायरलेसकडे झुकली होती, जणू तिला त्या आवाजात आणखी काही वेगळं काढता येणार होतं.

“दरड सरकतेय अजून,” वरचा म्हणाला. “दोराशिवाय खाली जाता येणार नाही. धुकं पुन्हा भरलं. आम्ही इथेच थांबतो.”

तीन वाजून चाळीस मिनिटांनी ओढ्यातली सहा माणसं दोर घेऊन फाट्यावर पोचल्याचं कळलं. तिथून कड्यापर्यंत चांगली तीन तासांची चढण होती. वरचे दोघं आळीपाळीने हाका मारत होते.